पहिला कॅट कोणता घ्यावा? : टॅरो, गंजिफा आणि विसरलेला खेळ

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी आमच्या बोरिवलीच्या महाविद्यालयात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी शिक्षककक्षात आली आणि तिने आम्हां तिघांना मिळून एक प्रश्न विचारला : टॅरोचा पहिला कॅट कोणता घ्यावा? प्रश्न विचारण्यामागे तिचा हिशेब होता. ती घाटकोपरला राहते. मेट्रोने अंधेरी आणि तेथून लोकलने बोरिवली असा तिचा रोजचा प्रवास. तिच्या शेजारच्या इमारतीतील एक मुलगी घरबसल्या टॅरोवाचन करून दरमहा बरे पैसे मिळवते, आणि मराठी घेऊन एम.ए. झालेल्यांना तासिका तत्त्वावर काय मिळते व ते किती महिन्यांनी मिळते, हे आम्हीच तिला वर्गात सांगितले होते.

आम्ही हसलो. आमच्यातील एकाने ‘आधी साहित्यशास्त्राचा पेपर वाचा, मग पत्ते’ असेही म्हटले. ती निमूट निघून गेली आणि महिनाभर फिरकली नाही. आली तेव्हा तिच्या हातात अठ्ठ्याहत्तर पानांचा कॅट होता. एका पानाच्या खालच्या कोपऱ्यातील वळणावळणाच्या चिन्हावर बोट ठेवून तिने विचारले, ‘हे प्रत्येक पानावर आहे. हे काय आहे?’ आम्हां तिघांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही. ज्या प्रश्नाला आम्ही हसलो होतो तो वाचनाचाच प्रश्न होता, आणि वाचन शिकवणे हा तर आमचा व्यवसाय. त्या चिन्हाचा माग काढताना जे हाती लागले, ते येथे मांडत आहोत.

१. हुकुमाची पाने

टॅरो शिकवणारी बहुतेक पुस्तके आरंभीच एक गोष्ट सांगतात : ही पाने प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांची गुप्त विद्या आहेत. इतिहास याहून साधा आहे, आणि आमच्या मते अधिक रंजक.

युरोपात पत्ते आले ते १३७० नंतरच्या दशकात. त्यांच्या पहिल्या ठळक नोंदी १३७७ च्या आहेत. ते आले मामलूक सुलतानांच्या इजिप्तकडून, म्हणजे मुसलमानी जगाकडून. पेले, नाणी, तलवारी आणि चौगान खेळण्याच्या काठ्या असे त्यांचे चार रंग होते. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात असा एक मामलूक संच आहे. लिओ मायर या अभ्यासकाला तो १९३१ साली आढळला. युरोपला चौगान ठाऊक नव्हते, म्हणून त्या काठ्यांचे साधे दंड झाले. टॅरोतील पेला, नाणे, तलवार आणि दंड हे चार रंग तेच. तेव्हा टॅरोचे एक मूळ इजिप्तमध्ये आहे हे खरेच, मात्र तो इजिप्त पिरॅमिडांचा नव्हे, सुलतानांचा.

१४४० च्या सुमारास उत्तर इटलीत कोणीतरी या चार रंगांच्या छपन्न पानांना आणखी बावीस चित्रांची जोड दिली. सम्राट, पोप, प्रेमिक, मृत्यू, चंद्र, सूर्य आणि या साऱ्यांबाहेरचा एक मूर्ख. या पानांना नाव मिळाले ‘त्रिओन्फी’, म्हणजे विजयपत्रे. इंग्रजीतील ‘ट्रम्प’ हा शब्द त्याचाच वंशज, आणि आपण त्याला हुकूम म्हणतो. आज ज्यांना ‘मेजर आर्काना’ असे भारदस्त नाव देऊन गूढ मानले जाते ती बावीस पाने आरंभी हुकुमाची पाने होती. मेंढीकोटात दर डावाला हुकूम बदलतो, येथे तो कायमचा ठरलेला, एवढाच फरक. ज्याने लाडीस किंवा तीनशेचार खेळले आहे त्याला टॅरोचा मूळ खेळ तासाभरात समजेल. फ्रान्समध्ये तो आजही खेळला जातो.

मिलानच्या दरबारासाठी १४५० च्या सुमारास रंगवलेला, सोन्याचा वर्ख लावलेला व्हिस्कोंती-स्फोर्झा संच हा या काळाचा सर्वांत देखणा साक्षीदार. त्याची चौऱ्याहत्तर पाने उरली आहेत आणि ती न्यूयॉर्कचे मॉर्गन ग्रंथालय, बेर्गामोचे कारारा कलासंग्रहालय आणि एक खाजगी घराणे यांत विभागलेली आहेत. टॅरोचा हा सारा इतिहास खेळाचा आहे, हे मायकेल डमेट यांनी १९८० साली ‘द गेम ऑफ टॅरो’ या जाडजूड ग्रंथात साधार दाखवले. डमेट हे ऑक्सफर्डचे तर्कशास्त्राचे तत्त्वज्ञ. असा माणूस पत्त्यांच्या इतिहासामागे वर्षानुवर्षे लागला, हीच एक स्वतंत्र कथा आहे.

२. एका टांगलेल्या माणसाचे चार अर्थ

मग खेळाची पाने भविष्य सांगू कशी लागली? त्यासाठी एकाच पानाचा प्रवास पाहावा. बाराव्या क्रमांकाच्या या पानावर एका पायाने उलटा टांगलेला माणूस आहे.

पंधराव्या शतकातील इटालियन माणसाला हे चित्र समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्या काळी फितुराची नाचक्की करण्यासाठी त्याचे असे उलटे टांगलेले चित्र सार्वजनिक भिंतीवर रंगवीत. पानाचे जुने इटालियन नावही ‘फितूर’ असेच होते. अर्थ उघड होता आणि तो रस्त्यावरचा होता.

दुसरा अर्थ पॅरिसचा. १७८१ साली आंत्वान कूर द जेबलँ या विद्वानाने ‘ल मोंद प्रिमितीफ’ या आपल्या बृहद्‌ग्रंथाच्या आठव्या खंडात टॅरोवर निबंध लिहिला. त्याने हा खेळ पाहिला तो जर्मनी किंवा स्वित्झर्लंडहून आलेल्या एका बाईंच्या घरी, कारण खुद्द पॅरिसमध्ये तो खेळ तोवर विस्मृतीत गेला होता. जेबलँने पाने पाहिली आणि हा इजिप्शियन थॉथ देवतेचा ग्रंथ आहे असे जाहीर केले. टांगलेला माणूस त्याच्या सिद्धान्तात बसेना. तेव्हा त्याने पानच उलटे केले : हा माणूस एका पायावर उभा आहे, दुसरे पाऊल कोठे टाकावे याचा विचार करीत आहे, म्हणजे हा ‘विवेक’ होय, अडाणी छापणाऱ्यांनी तो उलटा छापला! त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी कोणाला वाचता येत नव्हती. शांपोल्यों ती उलगडणार होता १८२२ मध्ये. जी लिपी कोणालाच वाचता येत नाही तिचा हवाला देणारा माणूस कधी खोटा पडत नाही. पाठोपाठ एतेया आला. आल्येत हे आपले आडनाव उलटे लिहून त्याने हे नाव घेतले होते. त्याने १७८५ साली टॅरोने भविष्य पाहण्याचे पुस्तक काढले आणि १७८९ च्या सुमारास केवळ भविष्यासाठी आखलेला पहिला कॅट छापला. क्रांतीच्या उंबरठ्यावरील पॅरिसला उद्याची चिंता होतीच.

तिसरा अर्थ लंडनचा, आणि आमच्या विद्यार्थिनीच्या हातातला. १९०९ च्या डिसेंबरात विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनाने आर्थर एडवर्ड वेट यांच्या योजनेनुसार एक नवा कॅट काढला. त्यातील टांगलेला माणूस पालवी फुटलेल्या लाकडाला टांगला आहे, त्याचा चेहरा शांत आहे आणि मस्तकाभोवती तेजोवलय आहे. वेट यांच्या मते हे पान शिक्षेचे नव्हे, जीवनाच्या स्तब्ध अवस्थेचे. फितुराचा साधू झाला तो येथे.

चौथा अर्थ आपल्या अभ्यासक्रमातला. एलियटच्या १९२२ च्या ‘द वेस्ट लँड’मध्ये मादाम सोसोस्ट्रिस पत्ते मांडते हे इंग्रजीच्या आणि तुलनात्मक साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. एलियटने कवितेला जोडलेल्या टिपांत मोकळेपणाने मान्य केले आहे की टॅरोच्या कॅटची नेमकी रचना त्याला ठाऊक नाही आणि आपल्या सोयीसाठी तो तीपासून दूर गेला आहे. टांगलेल्या माणसाचे नाते तो फ्रेझरच्या टांगलेल्या देवाशी जोडतो. तिच्या पानांतील बुडालेला फिनिशियन खलाशी कोणत्याही कॅटमध्ये सापडत नाही, कारण तो एलियटने स्वतः घातला आहे. वर्गात ही ओळ शिकवताना आम्ही अनेक वर्षे ‘टॅरोतील एक प्राचीन प्रतिमा’ असे बिनधास्त सांगत आलो. ही चूक आमची.

फितूर, विवेक, साधू, देव. पान एकच. चारही अर्थ त्या त्या काळातील कोणीतरी त्यावर ठेवले आहेत. तेव्हा ‘या पानाचा खरा अर्थ काय?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘हा अर्थ कोणाचा?’ हा पुढे येतो.

३. कोपऱ्यातले चिन्ह

आता त्या वळणदार चिन्हाकडे. ती पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची स्वाक्षरी आहे. १८७८ साली लंडनमध्ये जन्मलेली, बालपणाचा काही काळ जमैकात काढलेली आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये चित्रकला शिकलेली ही बाई वेट यांच्याच गुप्त मंडळात होती. अठ्ठ्याहत्तर चित्रे तिने काढली. काम मोठे होते आणि मोबदला अगदी थोडा, असे तिने १९०९ च्या नोव्हेंबरात छायाचित्रकार अल्फ्रेड स्टिगलिट्झ यांना पत्रात कळवले होते. कॅटला नाव मिळाले ते ‘रायडर-वेट’, म्हणजे प्रकाशकाचे आणि योजकाचे. स्मिथ १९५१ मध्ये कॉर्नवॉलमध्ये हलाखीत वारली. आपली चित्रे जगभर घरोघरी जातील हे तिला कळले नाही.

नवशिक्याला सहसा हाच कॅट सुचवला जातो. त्याचे कारण स्मिथच्या कामात आहे. जुन्या मार्से वळणाच्या कॅटमध्ये छपन्न पानांपैकी अंकांची पाने आपल्या इस्पिक-बदामासारखी असतात : पाच पेले म्हणजे नुसते पाच पेले. अर्थ पाठ करावा लागतो. स्मिथने प्रत्येक अंकपानावर एक प्रसंग रंगवला. पाच पेल्यांच्या पानावर काळा अंगरखा पांघरलेला एक जण मान खाली घालून उभा आहे. त्याच्यापुढे तीन पेले कलंडलेले आहेत आणि पाठीमागे दोन अजून उभे आहेत. आता पाठांतर नको, हे पान पाहणारा आपोआप गोष्ट सांगू लागतो. असे प्रसंग रंगवणारा एक जुना संच इटलीत होता, पंधराव्या शतकाच्या अखेरचा सोला-बुस्का. त्याची छायाचित्रे १९०७ मध्ये ब्रिटिश म्युझियमला मिळाली होती. स्मिथच्या काही पानांवर त्यांची छाप स्पष्ट दिसते. पण कथनाची दृष्टी तिची स्वतःची. ती रंगभूमीसाठी काम करीत असे आणि जमैकाच्या लोककथा श्रोत्यांपुढे सांगत असे.

इटालो काल्व्हिनोने तर कॅटच्या निवडीवर अख्खी साहित्यकृती उभी केली. ‘द कॅसल ऑफ क्रॉस्ड डेस्टिनीज’मध्ये मुकी झालेली माणसे पत्ते मांडून आपापली कथा सांगतात. त्यातील किल्ल्याचा भाग व्हिस्कोंती संचावर आधारलेला, १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेला. १९७३ मध्ये त्याला खानावळीचा भाग जोडला गेला, तो मार्सेच्या कॅटवरचा. दरबारी कॅटमधून दरबारी कथा आल्या, बाजारी कॅटमधून रांगड्या. पहिला कॅट कोणता घ्यावा, या प्रश्नाचे याहून चांगले साहित्यिक उत्तर आम्हाला माहीत नाही.

४. दहा अवतार, एकशे वीस पाने

येथवर सारे युरोपचे झाले. डमेट वाचताना मात्र एका तपशिलाने आम्हाला घरी परत आणले. जुन्या टॅरोखेळात तलवार व दंड या रंगांत दश्शी वरचढ आणि एक्का सर्वांत खालचा असतो, तर पेला व नाणे या रंगांत उलट : एक्का वरचढ, दश्शी खाली. असा विचित्र नियम कोणी कशाला करील? पण हाच नियम आणखी एका खेळात आहे. तो खेळ म्हणजे गंजिफा. गंजिफाच्याही अर्ध्या रंगांत दश्शी वर, अर्ध्या रंगांत एक्का. मिलान आणि सावंतवाडी यांचा पत्त्यांपुरता पूर्वज एक आहे, असे मानण्यास हा भक्कम आधार आहे.

गंजिफा इराणी जगातून भारतात आला. १५२७ साली बाबराने सिंधमधील शाह हुसेन याला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त या खेळाचे वर्णन केले आहे. मोगली गंजिफाचे आठ रंग – ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, कुमाश – आणि प्रत्येक रंगात बारा पाने, एकूण शहाण्णव. या आठ रंगांच्या जागी विष्णूचे दहा अवतार आले तेव्हा दशावतारी गंजिफा झाला. प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान व दहा अंकपाने, एकूण एकशे वीस. पाने गोल. जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, वर रंग व लाखेचा लेप देऊन ती होत. दरबारासाठीचे नाजूक काम ते दरबार कलम आणि सामान्यांसाठीचे ते बाजार कलम. काल्व्हिनोच्या किल्ल्याची आणि खानावळीची आठवण येथे कोणालाही होईल.

खेळाचा एक नियम तर एखाद्या कवीने केल्यासारखा आहे. मोगली खेळात दिवसा सुर्ख म्हणजे सूर्याच्या रंगाची उतारी आणि रात्री सफेद म्हणजे चंद्राची. दशावतारीत दिवसा ज्याच्या हाती रामाचा राजा त्याची उतारी, रात्री ज्याच्या हाती कृष्णाचा राजा त्याची. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी. चित्रे बदलली, धर्म बदलला, पण सूर्य-चंद्राची व्यवस्था तशीच राहिली. भाषांतराचा याहून नेटका नमुना आम्ही वर्गात अजून दाखवलेला नाही. ओरिसातील गंजिफात नववा अवतार जगन्नाथ असतो, आणि आपल्याकडील जुन्या पंचांगांतील दशावताराच्या चित्रांत त्या जागी विठोबा दिसतो. नववे स्थान कोणाचे, याचे उत्तर प्रत्येक प्रांताने आपल्या भक्तीनुसार दिले.

येथेच या लेखाचा मुख्य प्रश्न उभा राहतो. टॅरोच्या पानांवर देव नव्हते. होते ते पोप, सम्राट, फितूर आणि बहुरूपी जादूगार. तरी ती पाने दैवी ठरली. गंजिफाच्या पानांवर तर साक्षात दहा अवतार होते. तरी गंजिफाची जी वर्णने आणि जे नियम आपल्यापर्यंत आले, ते सारे खेळाचे. असे का?

एक उत्तर असे की आपल्याकडे भविष्य विचारण्याचे काम मोकळे नव्हते. त्याचे मानकरी ठरलेले होते. कोकणात देवाच्या अंगावर फुले-पाने लावून कौल घेतात. उजवी पाकळी पडली की होकार. पहाटे पिंगळा दारी येई. रमल टाकणारे होते, पंचांग उघडणारे जोशी होते, तुलसीरामायणातील रामशलाका होती. आणि पत्तेच हवे असतील तर मुंबईच्या पदपथावर पोपटवाला होता. पिंजऱ्यातून बाहेर येऊन चित्राचे पाकीट चोचीत धरणारा तो पोपट उपनगरांतील आमच्या पिढीने स्थानकाबाहेर पाहिला आहे. इतक्यांनी व्यापलेल्या क्षेत्रात गंजिफाला शिरायला जागा नव्हती, आणि गरजही नव्हती.

दुसरे उत्तर आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. पॅरिसमध्ये टॅरो गूढ झाला, कारण तेथे त्याचा खेळ विसरला गेला होता. डाव मांडणाऱ्याला फितुराच्या पानाचे काय करायचे ते ठाऊक असते : हात करायचा. ज्याला डाव ठाऊक नाही त्याच्या हाती नुसते चित्र उरते आणि चित्राला तो अर्थ विचारू लागतो. गंजिफा जोवर खेळला जात होता तोवर नृसिंहाचा प्रधान हा भिडूसाठी एक चांगला पत्ता होता. त्याला भविष्य विचारण्याचे कोणाला सुचले नाही.

५. खेळ संपल्यावर

पण आज सावंतवाडीतही तो खेळ खेळणारे फार थोडे. छापील, स्वस्त, चौकोनी इंग्रजी पत्ते आले आणि तीन भिडूंनी एकशे वीस पाने हाती धरून बसण्याचा काळ संपला. १९७० च्या दशकात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी उरल्यासुरल्या वृद्ध चिताऱ्यांकडून ही कला समजून घेतली, राजवाड्यात कारागीर बसवले आणि गंजिफा पुन्हा रंगू लागला. शिवरामराजे १९९५ मध्ये आणि सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये वारल्या. त्यांनी हात दिला नसता तर हे पत्ते केवळ संग्रहालयात उरले असते.

गंजिफाचा अभ्यासही मुंबईत झाला. १९३३ मध्ये जर्मनीतून येथे आलेले, भूगर्भशास्त्र शिकलेले आणि पुढे कलासमीक्षक म्हणून गाजलेले रुडॉल्फ फॉन लायडन यांचे नाव प्रोग्रेसिव्ह चित्रकारांचे पाठीराखे म्हणून आपण वाचतो. गंजिफाचे ते मोठे संग्राहक होते. १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने त्यांचे ‘गंजिफा : द प्लेइंग कार्ड्‌स ऑफ इंडिया’ प्रसिद्ध केले.

कला वाचली, खेळ मात्र परतला नाही. आज गंजिफाचा संच विकत घेणारा बहुधा भेट देण्यासाठी किंवा भिंतीवर लावण्यासाठी घेतो. पॅरिसमध्ये विसरलेल्या खेळाचे गूढ झाले, सावंतवाडीत शोभेची वस्तू झाली. दोन्हीकडे चित्र राहिले आणि त्याचा व्यवहार गेला. मराठीच्या शिक्षकाने या वाक्याशी थोडे थांबावे. जात्यावरच्या ओव्या आम्ही ‘लोकसाहित्य’ या पेपरात शिकवतो. जाते नाही, पहाट नाही, समोर बसून ओढणारी दुसरी बाई नाही. उरले आहेत ते शब्द, आणि त्यांना आम्ही ‘आशय स्पष्ट करा’ म्हणून प्रश्न विचारतो. जेबलँला हसण्याचा अधिकार आम्हाला किती आहे?

६. तेव्हा कोणता घ्यावा?

भविष्य कळते का, हा प्रश्न टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्याकडे फलज्योतिषाची चाचणी जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. हुशार आणि मतिमंद अशा दोन गटांतील मुलांच्या दोनशे पत्रिका जमवण्यात आल्या. त्यांतील प्रत्येकी चाळीस ज्योतिषांना दिल्या गेल्या आणि सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. अचूकतेचे प्रमाण सरासरी ४६ टक्के, म्हणजे नाणे उडवण्याहूनही किंचित कमी. २००९ साली हा लेख ‘करंट सायन्स’मध्ये आला. टॅरोबद्दल आमची अपेक्षा याहून वेगळी नाही, आणि घाबरलेल्या माणसाकडून उद्याचे पैसे घेणे आम्हाला मान्य नाही, हे आम्ही विद्यार्थिनीला स्पष्ट सांगितले. नरेंद्र दाभोलकर ज्या महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ रोजी मारले गेले, तेथील शिक्षकाने एवढे तरी सांगितले पाहिजे.

पण तेवढे सांगून थांबलो असतो तर पहिल्या दिवसासारखेच हसून मोकळे झालो असतो. म्हणून पुढे असेही सांगितले : खेळायचे असेल तर मार्सेचा घे आणि चौघे भिडू जमव. चित्रातून गोष्ट रचायला शिकायची असेल तर स्मिथचा घे. त्यासाठी छापील पुस्तिका काही दिवस बाजूला ठेव, आधी चित्र पाहा आणि मग वेट काय म्हणतात ते वाच. पैसे साठले तर सावंतवाडीला जाऊन गंजिफाचा संच आण, पण भिंतीवर लावू नकोस, डाव शीक. आणि कोणताही कॅट घेतलास तरी चार प्रश्न विचार : हा कोणी काढला, कधी, कशासाठी, आणि त्याला अर्थ कोणी दिला? हे चार प्रश्न तुला येतात, कारण हेच तर तू दोन वर्षे शिकते आहेस.

तिने आपला कॅट परत पिशवीत ठेवला आणि मैत्रिणीचा बाहेर काढला. तो पदपथावरून घेतलेला, स्वस्तातला. चित्रे तीच होती. स्मिथच्या मृत्यूला साठ वर्षे उलटून गेल्याने आपल्या कायद्यानुसार ती कोणालाही छापता येतात. पण पाने लहान करताना कडा कापल्या गेल्या होत्या आणि कोपऱ्यातले चिन्ह बहुतेक पानांवरून गेले होते. ती म्हणाली, ‘यात तिचं नाव नाही.’ सावंतवाडीच्या पानांवरही रंगवणाऱ्याचे नाव सहसा नसते, हे आम्ही तिला सांगितले. त्यावर ती काही बोलली नाही.

पुढील सत्रात लघुप्रबंधासाठी तिने विषय दिला आहे : दशावतारी गंजिफा आणि सावंतवाडीचे चितारी. दिवाळीच्या सुट्टीत ती चितार आळीत जाऊन आली. टॅरोवाचन ती करते की नाही, हे आम्ही विचारलेले नाही. मराठीच्या एम.ए.ने तिला नोकरी मिळेल, असे आश्वासनही आम्ही देऊ शकत नाही. शिक्षककक्षात मात्र आता मधल्या सुट्टीत गंजिफाचा डाव मांडायचे चालले आहे. दिवसाचा खेळ असल्याने रामाची उतारी, एवढा एक नियम तिघांनाही पाठ झाला आहे.